ग्रेव्हयार्ड डेक आणि साइडबोर्डचा मारा: सीमाभागातल्या खेळाडूंसाठी पायरीपायरीनं

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात पहिला गेम जिंकायचा आणि साइडबोर्ड (दोन गेमांच्या मध्ये डेकात बदलून घालायची पंधरा कार्डं) आल्यावर पुढचे दोन हरायचे, ही ग्रेव्हयार्डवर (वापरलेल्या-टाकलेल्या कार्डांच्या ढिगावर) चालणारा डेक खेळणाऱ्यांची नेहमीची रड. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात ती जरा जास्तच ऐकू येते, आणि त्याला कारण आहे. इथं खेळणारे मोजके. रविवारी टिळकवाडीत कुणाच्या तरी हॉलमध्ये सात-आठ जण जमतात, चेहरे तेच आणि डेकही तेच. तुम्ही ड्रेज (ग्रेव्हयार्ड भरत राहणारा एक डेक) खेळता हे एकदा कळलं की पुढच्या खेपेला प्रत्येकाच्या साइडबोर्डात तुमच्या नावाची तीन-चार कार्डं येऊन बसतात. पुण्याला किंवा बंगळूरला रात्रीची बस पकडून मोठी स्पर्धा खेळायला गेलात, तर तिथल्या माणसाला तुमचा डेक ठाऊक नसतो. त्याला पंधरा कार्डांत इतर दहा डेकांचीही सोय करायची असते. म्हणजे हेटचा (आपलं ग्रेव्हयार्ड रोखायला समोरच्यानं आणलेल्या कार्डांचा) खरा मार घरच्या टेबलावरच बसतो. म्हणूनच हा विषय आपल्याकडच्यांनी मुळापासून शिकून घ्यावा असं मला वाटतं.

पुढचं सगळं मॅजिक: द गॅदरिंगबद्दल आहे. उदाहरणाला मॉडर्न फॉरमॅटमधला (कोणती कार्डं चालतात हे फॉरमॅटवर ठरतं) ड्रेज डेक घेतलाय. रीअ‍ॅनिमेटर (ग्रेव्हयार्डमधून मोठा क्रीचर उठवणारा डेक) किंवा इतर ग्रेव्हयार्ड डेक खेळणाऱ्यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील. जिथं फरक आहे तिथं तो सांगितलाय.

आधी आपला डेक नीट ओळखा

ग्रेव्हयार्ड डेकचे तीन भाग असतात. पहिला इंजिन, म्हणजे ग्रेव्हयार्ड भरत राहणारी कार्डं. ड्रेजमध्ये हे काम स्टिंकवीड इंप, गोल्गारी थग आणि लाइफ फ्रॉम द लोम करतात. २००५ साली रॅव्हनिका सेटमध्ये ही यंत्रणा आली. कार्ड ओढण्याऐवजी तुम्ही ग्रेव्हयार्डमधला इंप हातात घेऊ शकता, आणि त्या बदल्यात लायब्ररीवरची (ओढायच्या गठ्ठ्यावरची) पाच कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये जातात. थगला चार, लोमला तीन. दुसरा भाग आउटलेट: ड्रेजर (इंप, थग, लोमसारखी कार्डं) ग्रेव्हयार्डमध्ये टाकणारी आणि वर कार्डं ओढून देणारी कार्डं, म्हणजे फेथलेस लूटिंग, कॅथार्टिक रीयुनियन वगैरे. तिसरा भाग मोबदल्याचा: नार्कोमीबा, ब्लडगास्ट, प्राइझ्ड अमाल्गम, क्रीपिंग चिल, ऑक्स ऑफ अ‍ॅगोनस.

ही विभागणी कागदावर लिहून काढा. साइडबोर्डिंग करताना कुठं हात लावायचा आणि कुठं नाही, ते सगळं तिच्यावर ठरतं.

या डेकची ताकद किती, हे बंदीच्या इतिहासावरून कळतं. गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोल हा ड्रेजर मॉडर्नमध्ये जानेवारी २०१५ मध्ये मोकळा झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये परत बंद झाला. होगाक हा क्रीचर जून २०१९ मध्ये आला आणि ऑगस्टमध्ये गेला, जाताना फेथलेस लूटिंगलाही घेऊन गेला. त्या दोन-अडीच महिन्यांत अनेकांनी हेटची लेलाइन ऑफ द व्हॉइड साइडबोर्डात न ठेवता थेट मेन डेकमध्ये घातली होती. डिसेंबर २०२४ मध्ये लूटिंग मॉडर्नमध्ये परत आलं, आणि त्याबरोबर हेटही परत आलं.

हेटच्या चार जाती

सर्वांत जास्त गेम हरले जातात ते इथं. समोरच्यानं ग्रेव्हयार्डवर काहीतरी टाकलं की आपण घाबरून एकच प्रतिक्रिया देतो: ते मोडायला धावतो. पण प्रत्येक कार्डाची कामाची रीत वेगळी असते, आणि काही कार्डं मोडायची गरजच नसते.

पहिली जात एकदाच फुटणाऱ्यांची. टॉर्मॉड्स क्रिप्ट, निहिल स्पेलबॉम्ब, सोल-गाइड लँटर्न, रेलिक ऑफ प्रोजेनिटस, बोजुका बॉग. रॅव्हनस ट्रॅप आणि एन्ड्युरन्सही यातच धरा. ही कार्डं एका क्षणी तुमचं ग्रेव्हयार्ड साफ करतात आणि संपतात. यांच्याविरुद्ध नेचर्स क्लेमसारखं मोडणारं कार्ड टाकणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे पाण्यात, कारण तुम्ही मोडायला गेलात की तो त्याच्या उत्तरात ते वापरून टाकतो. यांच्यावर उपाय एकच, पुन्हा उभं राहण्याची सोय हातात ठेवणं.

दुसरी जात ठाण मांडून बसणाऱ्यांची. लेलाइन ऑफ द व्हॉइड, रेस्ट इन पीस, डाउथी व्हॉइडवॉकर. ही बोर्डवर असेपर्यंत तुमचं कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये पोचतच नाही, परस्पर एक्झाइल होतं, म्हणजे खेळाबाहेर जातं. यांना मोडल्याशिवाय डेक चालत नाही. मोडणारी कार्डं आपण आणतो ती मुख्यतः यांच्यासाठीच.

तिसरी जात दार बंद करणाऱ्यांची, आणि तिचा नमुना म्हणजे ग्राफडिगर्स केज. २०१२ च्या डार्क असेन्शनमधलं, एका मॅनाचं (मॅना म्हणजे लँडमधून मिळणारी, कार्ड खेळायची किंमत). ग्रेव्हयार्ड भरू देतं, पण तिथून क्रीचर (लढणारं कार्ड) बोर्डवर येऊ देत नाही आणि तिथून काही कास्टही करू (मॅना देऊन खेळू) देत नाही. इथं घाबरून थांबू नका. ग्रेव्हयार्ड खुशाल भरत राहा. क्रीपिंग चिलवर केजचा काहीही परिणाम होत नाही, कारण ते बोर्डवर येत नाही आणि कास्टही होत नाही. ते एक्झाइल करून तुम्ही तीन डॅमेज देता आणि तीन लाइफ मिळवता. लोमही ड्रेज होऊन हातात येतो आणि दोन मॅनाला हातातून कास्ट होतो. केज मोडली की भरलेलं ग्रेव्हयार्ड तसंच्या तसं हाताशी असतं. रेस्ट इन पीस मोडल्यावर मात्र ग्रेव्हयार्ड रिकामं मिळतं. हा फरक डोक्यात ठेवला तर निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

चौथी जात टिपून मारणाऱ्यांची. सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन, फेअरी मकाब्र, अनलायसन्स्ड हर्स. सर्जिकल एका नावाची सगळी कार्डं ग्रेव्हयार्ड, हात आणि लायब्ररीतून उचलतं, तेही दोन लाइफ देऊन फुकटात. याच्याविरुद्ध वेगवेगळ्या नावांचे ड्रेजर हवेत. चार इंपवर सगळा भार टाकलेला डेक सर्जिकलसमोर बसतो. इंप, थग आणि लोम मिसळलेला डेक एक नाव गेलं तरी चालत राहतो.

पंधरा कार्डं कशी भरायची

थोडा हिशेब करू. साठ कार्डांच्या डेकात चार लेलाइन असतील, तर पहिल्या सात कार्डांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. पण लंडन मलिगनच्या (पहिला हात परत करून नवा घेण्याच्या) नियमानं, जो २०१९ च्या जुलैपासून लागू आहे, मलिगन केल्यावरही पूर्ण सात कार्डं ओढता येतात आणि मग जितके मलिगन तितकी कार्डं तळाला घालायची असतात. त्यामुळं लेलाइन शोधायलाच बसलेला माणूस एका मलिगनपर्यंत ६४ टक्के वेळा, आणि दोन मलिगनपर्यंत ७८ टक्के वेळा ती सापडवतो.

आकडा भीतिदायक वाटतो खरा. पण एका मलिगननंतर लेलाइन घेऊन बसलेल्याच्या हातात खेळायला उरलेली कार्डं पाचच. दोन मलिगननंतर चार. त्यानं तुमचा डेक अडवलाय, पण त्याचा स्वतःचाही अर्धा डेक अडकलाय. तुम्हाला वेळ आहे. या विषयात मला सांगायची असलेली मुख्य गोष्ट हीच. हेट समोर आलं की खेळ मंदावतो, आणि मंदावलेल्या खेळात घाई करणारा हरतो.

आता आपली बाजू. मोडणारी पाच कार्डं घेतलीत, तर पहिल्या सातांत एक असण्याची शक्यता ४७ ते ४८ टक्के, आणि तुम्ही दुसरे खेळत असाल तर तिसऱ्या टर्नपर्यंत पाहिलेल्या दहा कार्डांत ६१ टक्के. मला पाच हा आकडा बरा वाटतो. आठ कार्डं आणणारे मी पाहिलेत. त्यांच्या हातात नंतर तीन नेचर्स क्लेम आणि एकही ड्रेजर नाही अशी अवस्था होते, आणि समोरच्यानं हेट आणलंच नसेल तर आणखी वाईट.

कोणती पाच? बोसेजू, हू एन्ड्युअर्स हे पहिलं. ते लँड आहे, त्यामुळं मेन डेकमध्येच एक-दोन ठेवता येतात आणि पहिल्या गेमलाही ते ओझं होत नाही. दोन मॅना देऊन हातातून टाकायचं, समोरच्याचं आर्टिफॅक्ट, एन्चांटमेंट किंवा नॉनबेसिक लँड मोडतं, आणि ही अ‍ॅबिलिटी असल्यानं साध्या काऊंटरस्पेलनं अडत नाही. मोबदल्यात त्याला लायब्ररीतून एक लँड मिळतं, ते चालेल. उरलेल्या जागी नेचर्स क्लेम. एक हिरवा मॅना, इन्स्टंट (समोरच्याच्या टर्नलाही खेळता येणारं), आणि समोरच्याला चार लाइफ. चार लाइफ म्हणजे साधारण एक क्रीपिंग चिल वाया गेली, एवढी किंमत परवडते.

फोर्स ऑफ व्हिगरचं आकर्षण सगळ्यांना असतं, कारण समोरच्याच्या टर्नला ते फुकटात दोन गोष्टी मोडतं. पण त्यासाठी हातातलं दुसरं हिरवं कार्ड एक्झाइल करावं लागतं. साइडबोर्डिंग झाल्यावर डेकात हिरवी कार्डं किती उरतात ते मोजा. इंप काळा, थग काळा, लूटिंग लाल, चिल काळी. मॉडर्न ड्रेजमध्ये हिरवं म्हणजे लोम आणि थोडंफार. दहा-बारापेक्षा कमी हिरवी कार्डं असतील तर फोर्स हातात कुजतं, चार मॅना कुठून आणणार? जिथं हिरवे क्रीचर भरपूर आहेत अशा ग्रेव्हयार्ड डेकातच ते घ्या.

व्हॉइडवॉकर आणि एन्ड्युरन्ससारख्या क्रीचरांसाठी लाइटनिंग अ‍ॅक्स ठेवा. पाच डॅमेजमध्ये दोन्ही मरतात, आणि त्याची किंमत म्हणून टाकलेलं कार्ड एरवी आउटलेटचंही काम करतं. व्हॉइडवॉकर बोर्डवर असताना मात्र टाकलेलं कार्ड एक्झाइल होतं, म्हणून तेव्हा ड्रेजर टाकू नका, निरुपयोगी काहीतरी टाका.

रीअ‍ॅनिमेटरवाल्यांसाठी दुसरा रस्ता आहे. लेगसी फॉरमॅटमध्ये शो अँड टेल हे कार्ड आणून ग्रेव्हयार्डला न शिवता तोच मोठा क्रीचर हातातून बोर्डवर उतरवता येतो. समोरच्याच्या हातातली लेलाइन, क्रिप्ट, सर्जिकल एका झटक्यात मेलेली कार्डं होतात. ड्रेजला अशी सोय नाही. ड्रेजचं इंजिन आणि मोबदला दोन्ही ग्रेव्हयार्डमध्येच राहतात, त्यामुळं तिथं मोडण्याचाच मार्ग धरावा लागतो.

काय काढायचं

इंजिनला आणि आउटलेटला हात लावायचा नाही. हा नियम मी कडकपणे पाळतो आणि तुम्हीही पाळा. काढायचं ते मोबदल्यातून, प्रत्येक प्रकारातलं एखाददुसरं. वेगवान डेकासमोर क्रीपिंग चिल राहू द्या, अमाल्गम एक काढा. कंट्रोल डेकासमोर चिल कमी केली तरी चालते, तिथं ब्लडगास्ट सोन्याच्या मोलाचा, कारण हेट असतानाही दोन काळ्या मॅनाला तो हातातून कास्ट होतो. इंपही तीन मॅनाला कास्ट होतो, उडतो, आणि ज्या क्रीचरला कॉम्बॅट डॅमेज देतो तो मरतो. पहिल्या गेममध्ये या गोष्टी कुणी करत नाही. दुसऱ्या गेममध्ये लेलाइनखाली चार-पाच टर्न काढायचे असतील तर याच करायच्या.

हात ठेवायचा की टाकायचा

साइडबोर्डिंगनंतर चांगला हात म्हणजे दोन लँड, एक ड्रेजर, एक आउटलेट आणि एक उत्तर. उत्तर नाही पण वेग जबरदस्त आहे, तर समोरचा काय खेळतो त्यावर ठरवा. पांढरा डेक असेल आणि तुम्ही पहिले असाल, तर रेस्ट इन पीस दोन मॅनाचं असल्यामुळं तुम्हाला दोन टर्न मिळतात. असा हात ठेवा. काळ्या डेकासमोर लेलाइन पहिल्या टर्नच्याही आधी बोर्डवर येते, तिथं वेगाचा उपयोग शून्य.

नुसती उत्तरं आणि लँड असलेला हात मात्र टाका. नेचर्स क्लेमनं कुणी हरत नाही.

पहिलं खेळायचं की दुसरं, हा प्रश्नही इथंच येतो. लेगसीतला बिनलँडचा मॅनालेस ड्रेज मुद्दाम दुसरा खेळतो, कारण आठ कार्डं होऊन एक आपोआप टाकता येतं. लँड असलेल्या ड्रेजनं साइडबोर्डिंगनंतर पहिलंच खेळावं. दोन मॅनाच्या हेटच्या आधीची एक टर्न फार मोलाची.

रेलिकसमोरची दोन टर्न, जवळून

समोरचा पहिला खेळतोय. लँड टाकलं, रेलिक ऑफ प्रोजेनिटस टाकलं, टर्न दिली. तुमच्या हातात दोन लँड, इंप, ब्लडगास्ट, लूटिंग, कॅथार्टिक रीयुनियन आणि नेचर्स क्लेम.

बरेच जण इथं क्लेम रेलिकवर टाकतात. तसं करू नका. आधी त्याचं लँड पाहा: टॅप झालेलं (वापरून आडवं केलेलं) आहे. रेलिक पूर्ण फोडायला एक मॅना लागतो, तो त्याच्याकडं तुमच्या या टर्नला नाही. आत्ता तो फक्त रेलिक टॅप करून तुमच्या ग्रेव्हयार्डमधलं एक कार्ड एक्झाइल करायला लावू शकतो, आणि ते कार्ड कोणतं हे तुम्ही ठरवता. लूटिंग कास्ट करा, दोन कार्डं ओढा, मग इंप आणि ब्लडगास्ट टाका. रिझॉल्व्ह होऊन (परिणाम पूर्ण होऊन) लूटिंगही ग्रेव्हयार्डमध्ये येतं. त्यानं टॅप केलं तर इंप वाचवा, ब्लडगास्ट किंवा लूटिंग जाऊ द्या.

त्याची दुसरी टर्न. आता त्याच्याकडं दोन लँड. रेलिकसाठी एक राखून ठेवला तर तो दुसऱ्या टर्नला एकाच मॅनाचं खेळतोय, हा तुमचा फायदाच.

तुमची दुसरी टर्न. ड्रॉला इंप ड्रेज करा. पाच कार्डं खाली जातात, इंप हातात येतो. समजा नार्कोमीबा आणि चिल पडली, त्यांचे ट्रिगर (आपोआप सुरू होणारे परिणाम) स्टॅकवर गेले, म्हणजे घडायच्या रांगेत लागले; रांगेत शेवटी आलेलं आधी घडतं. बहुतेक जण इथं रेलिक फोडतात. ते ट्रिगर वाया गेले, सगळं ग्रेव्हयार्ड गेलं. पण तुमचा इंप आत्ता हातात आहे. आता रीयुनियन: इंप आणि आणखी एक कार्ड टाकून तीन ओढायची, त्यातली पहिली ओढ परत इंपची ड्रेज. पाच कार्डं खाली. तुम्ही पुन्हा सुरू झालात आणि त्याच्याकडं रेलिक उरलं नाही. क्लेम तर अजून हातातच आहे, तिसऱ्या टर्नला येणाऱ्या रेस्ट इन पीससाठी.

जाणता खेळाडू ट्रिगरला फोडणार नाही. तो रीयुनियनची वाट पाहील. रीयुनियनमध्ये कार्डं टाकणं ही किंमत आहे, ती आधी चुकवली जाते, आणि स्पेल स्टॅकवर असताना तो रेलिक फोडून नुकताच टाकलेला इंप उडवतो. तुम्हाला तीन साधी कार्डं मिळतात आणि इंजिन संपतं. म्हणून समोरचा रेलिक धरून बसलाय असं दिसलं, तर हातात दुसरा ड्रेजर असल्याशिवाय रीयुनियन टाकू नका. हातातून ब्लडगास्ट कास्ट करून मारत राहा. त्यालाच कंटाळून ते फोडू द्या. एकदा फुटणाऱ्या सगळ्या हेटसमोर सूत्र हेच: ती फुटते त्या क्षणी एक ड्रेजर ग्रेव्हयार्डबाहेर, हातात हवा.

स्टॅकवरच्या दोन युक्त्या

सायकलिंगचं लँड (मॅना देऊन हातातून टाकायचं आणि एक कार्ड ओढायचं), उदाहरणार्थ फर्गॉटन केव्ह, डेकात असेल तर ते हातात उघडं ठेवण्यासारखं शस्त्र आहे.

त्यानं क्रिप्ट फोडलं. स्टॅकवर त्याची अ‍ॅबिलिटी आहे, अजून रिझॉल्व्ह झालेली नाही. तुम्ही त्याच्या उत्तरात सायकलिंग करा, ओढण्याऐवजी इंप ड्रेज करा. इंप हातात सुरक्षित. वर, खाली गेलेल्या पाच कार्डांत नार्कोमीबा किंवा चिल असेल तर त्यांचे ट्रिगर क्रिप्टच्या वर जातात आणि आधी रिझॉल्व्ह होतात. म्हणजे त्याच्या हेटच्या तोंडातून नार्कोमीबा बोर्डवर येते आणि चिलचे तीन डॅमेजही लागतात.

सर्जिकलविरुद्ध हीच युक्ती अजून चोख चालते. त्यानं ग्रेव्हयार्डमधल्या इंपवर सर्जिकल धरलं, तुम्ही सायकलिंग करून तोच इंप हातात घेतला. टार्गेट गायब, सर्जिकल फिझल, म्हणजे वाया. त्याला तुमचा हातही बघायला मिळत नाही.

यासाठी टेबलावर बोलणं स्पष्ट हवं. आपल्याकडं एकाच टेबलावर मराठी, कन्नड, हिंदी सगळं चालतं, आणि गडबडीत कोण कशाच्या उत्तरात काय करतंय ते निसटतं. प्रत्येक ट्रिगरवर बोट ठेवा, नाव घ्या, “रिझॉल्व्ह?” म्हणून विचारा, त्यानं “सरी” (कन्नडमधलं ‘ठीक’) म्हटलं किंवा मान डोलावली की पुढं जा. ग्रेव्हयार्ड ओळीत पसरून ठेवा, दोघांना दिसेल असं. वाद झाला तर जजला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

लेलाइन आणि रेस्ट इन पीस

लेलाइन बोर्डवर असेल तर लूटिंग टाकण्याचा मोह आवरा. टाकलेला प्रत्येक ड्रेजर कायमचा जातो. लँड टाका, इंप कास्ट करून ब्लॉक करा, ड्रेजर हातात साठवा. क्लेम लगेच वापरू नका. ज्या टर्नला तुमच्या हातात ड्रेजर, आउटलेट आणि पुरेसा मॅना आहे त्याच्या आदल्या क्षणी, म्हणजे समोरच्याच्या एंड स्टेपला (त्याच्या टर्नच्या शेवटी) वापरा. आधीच मोडलंत तर त्याला दुसरं हेट शोधायला टर्न मिळतात. याला एक अपवाद: तो निळा (स्पेल अडवणारा) डेक खेळतोय आणि एखाद्या टर्नला सगळे लँड टॅप करून बसला, तर तीच संधी घ्या, एंड स्टेपची वाट पाहू नका.

रेस्ट इन पीसचं वेगळं. ते येताना ग्रेव्हयार्ड साफ करतं आणि मग बसून राहतं. त्याच्या येण्याच्या ट्रिगरला उत्तर म्हणून ते मोडलं तरी साफसफाई होतेच. त्यामुळं समोर पांढऱ्याचे दोन लँड दिसत असतील तर निम्मंच ग्रेव्हयार्ड भरा आणि एक ड्रेजर हातात ठेवा. थॉटसीझ (समोरच्याच्या हातातलं कार्ड टाकायला लावणारं) खेळत असाल तर ते याच्यासाठी पहिल्या टर्नला टाका. लेलाइन पहिल्या हातातूनच बोर्डवर आली असेल तर थॉटसीझचा तिच्यावर काही उपयोग नाही.

रॅव्हनस ट्रॅपबद्दल एक छोटी सूचना. एका टर्नमध्ये तुमची तीन किंवा जास्त कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये गेली तरच ते फुकट होतं. समोरचा काहीच न करता, हात सांभाळून बसलाय, तर त्याच्या मनात काय आहे ते ओळखा.

तिसरा गेम

दुसऱ्या गेममध्ये त्यानं कोणतं हेट दाखवलं ते लिहून ठेवा. फक्त क्रिप्ट-रेलिक दिसलं असेल तर तिसऱ्या गेमला निम्मे क्लेम काढा आणि मोबदल्याची कार्डं परत घाला. लेलाइन दिसली असेल तर पाचही ठेवा. ओळखीच्या टेबलावर समोरचा हेट बदलतो, कारण त्यालाही तुमचं उत्तर माहीत झालंय. अनोळखी माणूस सहसा बदलत नाही.

सराव

सरावाला बसणारे बहुतेक जण पहिलेच गेम खेळत राहतात. खरं तर तीनपैकी दोन गेम साइडबोर्डनंतरचे असू शकतात, म्हणून सरावातही तेवढाच वाटा त्यांना द्या. मित्राला सांगा की लेलाइन बोर्डवर ठेवूनच सुरुवात कर, तुझा हात मात्र पाच कार्डांचा. असे गेम लागोपाठ खेळले की भीती जाते आणि पाच कार्डांचा हात किती दुबळा असतो ते दिसतं. मग केज ठेवून खेळा, मग रेलिक. कार्डं महाग असतील तर सरावासाठी कागदावर नाव लिहून स्लीव्हमध्ये घालायला हरकत नाही, अधिकृत स्पर्धेत ते चालणार नाही एवढंच.

नवशिक्यांनी पॉपर फॉरमॅटपासून सुरू करावं असं मी सांगतो. तिथं फक्त कॉमन कार्डं चालतात, त्यामुळं लेलाइन आणि रेस्ट इन पीस नाहीत. आहेत ती रेलिक, निहिल स्पेलबॉम्ब, बोजुका बॉग, फेअरी मकाब्र. एकदा फुटणाऱ्या आणि टिपून मारणाऱ्या हेटसमोर हात कसा सांभाळायचा हे कमी खर्चात अंगवळणी पडतं.

यू-गी-ओ हा दुसरा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांनाही हीच वर्गवारी वापरता येते. त्यांच्या पंधरा कार्डांच्या साइड डेकात मॅक्रो कॉसमॉस ठाण मांडून बसतं, डी. डी. क्रो एक कार्ड टिपतं, आणि डायमेन्शन शिफ्टर पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंतच चालतं. शिफ्टरसमोर सगळा जोर लावून संपून जाण्यापेक्षा थोडकं खेळून टर्न सोडून देणं शहाणपणाचं.

शेवटी पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर आपल्याकडं घरात भिंतींनाही ओल असते, आणि फॉइल (चकचकीत थराची) कार्डं वाकतात. ड्रेजमध्ये लायब्ररीवरचं वाकडं कार्ड नार्कोमीबा आहे हे दिसू लागलं तर ती खूण केलेली कार्डं ठरतात आणि जज दंड देऊ शकतो. या डेकासाठी साधी, बिनफॉइलची कार्डं घ्या, आत एक घट्ट स्लीव्ह घाला, आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाका. बसनं पुण्याला निघण्याच्या आदल्या रात्री साठही कार्डं पालथी करून सपाट टेबलावर ठेवा आणि कडेनं बघा. जे उचललेलं दिसेल ते बदला, आणि साइडबोर्डची पंधराही तशीच तपासा, कारण दुसऱ्या गेमला तीही त्याच लायब्ररीत जाणार आहेत.